डॉक्टर ह्रुबींचा तिसरा निरोप

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या पोसो अमार्गो गावाचे नगराध्यक्ष श्री. ओस्वाल्दो इरासोकी, समुद्र ओलांडून खास या समारंभासाठी आलेल्या आणि व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्राध्यापक वाल्ट्राउट केसलर, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर ब्लाझेय ह्रुबी, वेधशाळेतले शास्त्रज्ञ आणि कामगार, आमच्या शेळीपाळक संघाचे सभासद, शाळेच्या मुलांनो, आणि मागच्या दाराशी उभं राहून बोकड भाजून झाला की नाही याचा वास घेणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि एक विनंती केली आहे. विनंती कानात केली, पण त्यांचा आवाज निवडणुकीच्या सभांमध्ये घडलेला असल्यामुळे पहिल्या तीन रांगांनी ती ऐकलीच. "दोन्या एर्मिंदा, आज फक्त गोड बोला." मी प्रयत्न करीन. मी या गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, शेळीपाळक संघाची सचिव म्हणून सरकारशी भांडले, खोगिरावर बसून पुस्तकं वाचली. गोड बोलायचं तेवढं राहून गेलं.

आधी मला सांगा, हा निरोप कितवा? मोठ्याने सांगा. तिसरा! पहिला दिला तेव्हा यांचा दोन वर्षांचा मुक्काम संपला होता. आपण बोकड कापले, पोंचो पांघरला, शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं, मुली रडल्यासुद्धा. डॉक्टर मेन्दोसा शहराच्या विमानतळापर्यंत गेले आणि परत आले. का? तर म्हणे नव्या टाक्यांची मोजणी नीट लागत नाहीये. दुसरा निरोप ते निवृत्त झाले तेव्हा. पुन्हा बोकड, पुन्हा पोंचो. पुढच्या हिवाळ्यात मी दुकानात पीठ घ्यायला गेले तर हे तिथे बॅटरीचे सेल निवडत उभे! आणि आता तिसरा. एका माणसाला पाठी तरी किती असतात, डॉक्टर? इतके पोंचो घालणार कुठे?

हसा, हसा. पण तुम्ही सगळे या सभागृहात पोंचो बघायला जमलेले नाही, हे मला ठाऊक आहे. अध्यक्ष घड्याळाकडे बघत नाहीत, माझ्या हाताकडे बघतायत. तुम्ही आलात ते मी सही करते की नाही ते बघायला. मग ते आडून कशाला बोलायचं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या माळावर, दीड-दीड किलोमीटरवर एक, अशा पाण्याच्या टाक्या बसवलेल्या आहेत. आतमध्ये मिट्ट काळोख आणि शुद्ध पाणी. आकाशातून विश्वकिरण येतात, वर हवेत आपटून फुटतात, एकाचे कोट्यवधी तुकडे होतात...

डॉक्टर बोट वर करतायत. काय? "अब्जावधी, दोन्या एर्मिंदा." बघा! स्वतःच्या निरोपातही या माणसाला चूक खपत नाही. अब्जावधी तुकडे होतात, आणि त्यांचा सडा एका क्षणात कोसांवर पडतो. टाकीतल्या पाण्यात निळसर चमक उठते. कुठल्या टाकीत आधी, कुठल्या टाकीत नंतर, यावरून तो किरण कुठल्या बाजूने आला ते कळतं. पण त्यासाठी जाळं अखंड लागतं. त्या जाळ्याच्या बरोबर मधल्या चार टाक्या माझ्या जमिनीवर आहेत. जुना करार संपतोय. बाकी सगळ्या जमीनमालकांनी नव्या दहा वर्षांसाठी सह्या केल्या आहेत. माझी राहिली आहे. प्राध्यापक केसलर उद्या परत जाणार, आणि त्यांच्यामागे जे देश आहेत त्यांनी स्पष्ट कळवलंय, मधोमध भोक पडलेल्या जाळ्यासाठी ते पुढची दहा वर्षं देणार नाहीत. म्हणजे सही नाही तर वेधशाळा नाही. वेधशाळा नाही तर गावातल्या पन्नासेक घरांचं काम नाही. त्यात माझी मुलगी एदेल्मिरा आली. टाक्यांच्या बॅटऱ्या बदलत ती रोज माळ पालथा घालते आणि गेले दोन महिने माझ्याशी धड बोलत नाही.

मग ही म्हातारी अडून का बसली? गावात तीन कारणं फिरतायत. तिला भाडं वाढवून हवं. तिला खाणवाल्यांनी फितवलं. तिचं डोकं फिरलं. तिसरं कारण आमच्या अध्यक्षांच्या कचेरीतून निघालं असं ऐकते. खरं कारण मी आज सांगते.

माझे वडील एलेउतेरिओ बाल्देबेनितो. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांना ते आठवतील, कारण त्यांनी तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी हाकलून दिलेलं आहे. आपल्या माळावरचा नियम काय? दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचं असेल तर आधी फाटकाशी थांबायचं. घोड्यावरून उतरायचं नाही. टाळ्या वाजवायच्या. घरमालक बाहेर येतो आणि एकच विचारतो, "कुठून आलात?" नाव विचारत नाही. नाव लपवायची वेळ कुणावरही येऊ शकते, आपल्या आज्यांवर तर पुष्कळदा आली. पण कुठून आलो ते खरं सांगावंच लागतं. ते सांगितलं की खोगीर उतरवा, कडू चहा भरलेला सुका भोपळा हातात घ्या, नळीने ओढा, घर तुमचं.

आणि हे महाशय! पहिल्या दिवशी फाटक स्वतःच्या हाताने उघडून, टाळी नाही, हाक नाही, सरळ आमच्या कुरणात मोजपट्टी घेऊन उतरले. कुत्र्यांनी यांना एका खडकावर चढवलं. मी धावत गेले तर वडील खडकाखाली पाय पसरून शांतपणे काडी सोलत बसलेले.

"खाली ये की," वडील म्हणाले.

"कुत्री आहेत, सेन्योर!"

"ती टाळी ऐकून गप्प बसतात. तू वाजवली नाहीस. आता वाजव."

आणि विद्यापीठाचा हा डॉक्टर खडकावर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला! मोजपट्टी काखेत! कुत्री बसली. मग वडिलांनी रीतसर विचारलं, "कुठून आलास?" यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं, ते आम्हा दोघांनाही म्हणता आलं नाही, आणि मग चहा झाला.

चहा घेताना यांनी टाक्यांचं सांगितलं. लहान किरण तर सतत येतात, म्हणाले, तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरएक आरपार जातात. वडिलांनी तळहात उलटा करून पाहिला. मोठे मात्र दुर्मीळ. शेळी वळवायला आपण खडा भिरकावतो ना, तेवढा जोर एका कणात, आणि तो कण इतका बारीक की त्याच्यापुढे धूळ म्हणजे डोंगर. असा एखादा, एका चौरस किलोमीटरवर, शंभर वर्षांतून एकदा. म्हणून एवढा माळ लागतो.

वडील म्हणाले, "म्हणजे हे माझ्या जमिनीवरून जातात."

"हो, सेन्योर."

"टाळी न वाजवता."

"...हो."

"आणि कुठून येतात?"

"तेच शोधायला आलोय."

"ठीक आहे. बसव तुझ्या टाक्या. भाडं सरकारी दराने दे, मला त्याचं काही नाही. पण ते कुठून येतात हे तुला कळलं की आधी माझ्या फाटकाशी यायचं, टाळी वाजवायची आणि मला सांगायचं. ही अट."

यांनी हात पुढे केला. वडिलांनी तो धरला. कागदावर ही अट कुठेच नाही. आमच्याकडे हातावर झालेलं कागदाहून पक्कं, हे प्राध्यापक केसलर, तुमच्या वकिलांना समजणार नाही, पण या सभागृहात प्रत्येकाला समजतं.

त्यानंतर दरवर्षी, उन्हाळी चराईवरून शेळ्या खाली उतरल्या की हे हजर. फाटकाशी टाळ्या. "कुठून?" आणि उत्तर? "अजून माहीत नाही." एक वर्ष नाही, दोन नाही! मला सांगा, माणसाने संताप करावा तरी किती? एकदा तर मोठ्या उत्साहाने आले, म्हणाले, "आता इतकं नक्की झालं, सगळ्यांत मोठे किरण आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून येतात." वडील म्हणाले, "म्हणजे ते आपल्या गावचे नाहीत. मी विचारलं कुठले आहेत, तू सांगतोस कुठले नाहीत. बस, चहा घे."

आणखी एका वर्षी म्हणाले, फार लांबूनही येत नसावेत. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, विश्वाच्या जन्मावेळचा मंद उजेड अजून तिथे भरून राहिलाय, त्यावर आपटून आपटून लांबचा किरण वाटेतच दमतो. म्हणजे हे शेजारचेच. मी विचारलं, शेजार म्हणजे किती? तर म्हणे काही कोटी प्रकाशवर्षं! आमचा सर्वांत जवळचा शेजारी घोड्यावरून दोन तासांवर राहतो, तरी आम्ही त्याला लांब म्हणतो!

मी मास्तरीण. मी यांना एकदा कोंडीत धरलं. म्हटलं, "डॉक्टर, किरण ज्या बाजूने आला त्या बाजूला सरळ रेघ ओढा आणि त्या टोकाला काय आहे ते बघा. एवढं सोपं आहे."

"सरळ येत नाहीत ना, दोन्या एर्मिंदा. त्यांच्यावर वीजभार असतो. वाटेत चुंबकत्व त्यांना वळवतं. तुमची शेळी उत्तरेकडून गोठ्यात आली म्हणून ती उत्तरेला चरत होती असं तुम्ही म्हणता का? ती घळीला वळसा घालून येते."

"मी शेळीचा कान बघते! प्रत्येक मालकाची कानाला खूण असते. तुमच्या किरणाला कान नाही?"

यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं आता उत्तर मिळणार. म्हणाले, "आहे! कान आहे! तो कण हलका आहे की जड, हीच त्याची खूण. हलका असेल तर कमी वळतो, जड असेल तर फार वळतो. ते कळलं तर अर्धं काम झालं."

"मग बघा ना!"

"जमिनीवर येईपर्यंत त्याचे अब्जावधी तुकडे झालेले असतात. कान शिल्लक राहत नाही."

वडील इतके हसले की चहाची नळी त्यांच्या नाकाला लागली. मी हसले नाही. मला माणसं सरळ उत्तर देत नाहीत याचा राग आहे, तो आयुष्यभराचा आहे, आणि तो माझ्याबरोबर पुरला जाईल.

आता मी जे सांगणार आहे ते मी एदेल्मिराखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले. बाहेर डोंगरावरून तो गरम, कोरडा वारा सुटला होता, दुपारी दिवा लावावा इतकी धूळ. त्या वाऱ्यात फाटकाशी टाळ्या वाजल्या. मी बाहेर गेले, आणि फाटक उघडण्याआधी मी यांना म्हटलं, "डॉक्टर, ते फार दिवस काढणार नाहीत. रोज विचारतात, तो परदेशी ग्रिंगो आला का? त्यांना एक नाव सांगा. कुठलंही सांगा. एखादा तारा, एखादी आकाशगंगा. ते कुठे पडताळा घ्यायला जाणार आहेत?"

हे म्हणाले, "मला माहीत नाही, दोन्या एर्मिंदा."

"तुम्हाला माहीत असायची गरजच नाही! त्यांना माहीत झालं म्हणजे पुरे!"

यांनी टोपी काढली. केसांत धूळ जात होती तरी टोपी हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, पटलं. मी फाटक उघडलं.

आत वडिलांनी डोळे उघडले. "आलास? बोल. कुठून?"

आणि हा माणूस, सभ्य स्त्रीपुरुषहो, हा माणूस मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून म्हणाला, "अजून माहीत नाही, सेन्योर."

त्यावर वडील काय म्हणाले ते मी शेवटी सांगेन. अध्यक्ष, तुमची पाच मिनिटं केव्हाच संपली, आता घड्याळ खिशात ठेवा.

वडील त्याच आठवड्यात गेले. मी यांना क्षमा केली नाही. आजही केलेली नाही. मला कुणी तत्त्व शिकवू नका, मी तत्त्वांवरची जाडजूड पुस्तकं वाचून आजारी माणसांचे पाय चेपले आहेत. एक नाव! एवढंच मागितलं होतं. पुढच्या वर्षी शेळ्या उतरल्या, फाटकाशी टाळ्या वाजल्या. मी यांना आत घेतलं, चहा दिला, पण "कुठून?" हे विचारलं नाही. आठ वर्षं नाही विचारलं. हे येतात, चहा पितात, हवापाण्याचं बोलतात, जातात. आणि नव्या कराराची गोष्ट निघाली तेव्हा मी सांगितलं, वडिलांची अट पुरी झालेली नाही, बाल्देबेनितोंची सही मिळणार नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी काय झालं? माझ्या फाटकाशी एक मोटार आली. टाळी नाही वाजली. हॉर्न वाजला! अध्यक्ष, तुम्ही खाली का बघता? हॉर्न तुमच्या ड्रायव्हरने वाजवला होता, मला मान्य आहे. तुम्ही हसत हसत उतरलात. "दोन्या एर्मिंदा, अभिनंदन! सापडलं! नरतुरंग तारकासमूहातली एक आकाशगंगा! गावाच्या वेशीवर लावायला फलकसुद्धा रंगवून तयार आहे!" आणि पेन पुढे केलंत. मी ते हातात घेतलं होतं, हेही सांगते. मला वाटलं, वडिलांच्या थडग्यापाशी जाऊन आता एक नाव उच्चारता येईल. पण मी म्हटलं, हे डॉक्टर का आले नाहीत सांगायला?

म्हणून बोकडांच्या जत्रेत, या पाहुण्या तेव्हाही येऊन बसल्या होत्या, सगळं गाव होतं, तिथे मी सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर, नरतुरंग म्हणतात ते खरं का?" प्राध्यापक केसलर, तुमच्या दुभाष्याने तेव्हा तुम्हाला काय सांगितलं देव जाणे. अध्यक्ष यांच्याकडे बघून डोळे मोठे करत होते. वेधशाळेतली सगळी मुलं बघत होती. यांना बोलायचीही गरज नव्हती. मान हलवली असती तरी मी तिथल्या तिथे सही केली असती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे म्हणाले, "त्या बाजूने थोडी गर्दी दिसते. पण तो योगायोगही असू शकतो. मला माहीत नाही."

स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाला यांनी माझ्यादेखत भोक पाडलं! घरी आल्यावर एदेल्मिराने दार आपटलं. "आई, नुसती मान हलवली असती तर त्यांचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "तेच तर!" तर ती म्हणाली, "तू आजोबांच्या वेळी हेच मागितलं होतंस. तेव्हा दिलं नाही म्हणून तू चिडलीस, आता दिलं नाही म्हणून मी चिडले. तुझ्या अटीपायी माझं काम जाणार आणि त्यांच्या हट्टापायी ते वाचणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना पुरून उरा!"

लेकीचा टोमणा आईला झोंबतो, त्याला इलाज नसतो. मी दोन महिने जळफळत होते. आणि जळफळता जळफळता मी मोजायला बसले, की आजवर आमच्या फाटकाशी मोटारी घेऊन कोण कोण आलं आणि काय काय सांगून गेलं. धरण होणार, नक्की. रेल्वे पुन्हा सुरू होणार, नक्की. खाणीने पाण्याला धक्का लागणार नाही, नक्की. माणसं येतात, हॉर्न वाजवतात, उत्तर देतात, आम्ही सही करतो, आणि मोटार धूळ उडवत जाते ती परत कधी दिसत नाही. उत्तरांचा या माळाला तोटा कधीच नव्हता! ज्याच्याकडे उत्तर असतं त्याला परत यावं लागत नाही. आणि हा एक माणूस वीस वर्षं, टाळी वाजवून, रिकाम्या हाताने, पुन्हा पुन्हा...

पाणी द्या जरा.

डॉक्टर, उभे राहा. तो पोंचो राहू दे, उभे राहा. आठ वर्षं मी विचारलं नाही, आज या सगळ्यांसमोर विचारते, बाल्देबेनितोंच्या घराच्या वतीने. माझ्या जमिनीवरून जे जातात, ते कुठून येतात?

मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. म्हणाले, "अजून माहीत नाही."

आता वडील काय म्हणाले होते ते ऐका. त्या दुपारी हे उत्तर ऐकून ते रागावले नाहीत, रडले नाहीत. त्यांनी खाटेवरूनच यांचा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा, आणि म्हणाले, "मग तुला परत यावं लागेल."

यांनी सांगितलं, "येईन."

मी ते दारात उभी राहून ऐकलं होतं आणि मला ते ग्लानीतलं बोलणं वाटलं.

प्राध्यापक केसलर, तो कागद आणि पेन इकडे द्या. अध्यक्ष, तुमचं पेन नको, ते मी एकदा धरलंय. ही माझी सही. चारही टाक्यांसाठी, दहा वर्षांसाठी. अट तीच आहे आणि ती याही कागदावर नाही. ज्याला कळेल त्याने फाटकाशी यायचं. मी नसेन तर एदेल्मिराला सांगायचं.

आणि डॉक्टर, तुम्हाला माहीत नाही ना? मग तुम्हाला परत यावं लागेल.

तुम्ही मला इतका वेळ सहन केलंत त्याबद्दल मी या सभेची, अध्यक्षांची आणि स्वयंपाकघरात बोकड उलटसुलट करत थांबलेल्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती माझ्या जिभेची जुनी खोड समजून पदरात घ्या. हॉर्नबद्दल बोलले ते मात्र तसंच राहू द्या. आता टाळ्या वाजवू नका. आमच्याकडे टाळी वाजली की मला फाटकापर्यंत जावं लागतं, आणि ती टाळी मला शेळ्या उतरतील तेव्हा ऐकायची आहे.

चौथ्या निरोपाचा बोकड मात्र माझ्या गोठ्यातून मिळणार नाही.